गोव्यातील लोहखनिजाच्या चुऱ्यासाठी जिग घ्यावा की स्पायरल?

डिचोली-सांगे पट्ट्यातील चुऱ्यातून लोहखनिज वेगळे करण्यासाठी जिग घ्यावा की स्पायरल (दोन्ही पाण्याच्या साहाय्याने जड कण हलक्या कणांपासून वेगळे करणारी यंत्रे), हे कणांच्या आकारावर ठरते. हेमेटाइट या लोहखनिजाचे विशिष्ट गुरुत्व (पाण्याच्या तुलनेत घनता) सुमारे ५.२ आणि क्वार्ट्झ या टाकाऊ गारगोटीचे २.६५ आहे, दोन्हींतून पाण्याचे १ वजा करून भागाकार केल्यास सुमारे २.५ हे गुणोत्तर मिळते, त्यामुळे कण एकमेकांपासून सुटे झालेले असल्यास ही जोडी पाण्यात चांगली वेगळी होते. काही मिलिमीटरच्या कणांसाठी, पाण्याच्या स्पंदनांनी थर लावणारा जिग योग्य. साधारण १ ते ०.१ मिलिमीटरच्या कणांसाठी, मळसूत्री पन्हळीतून गाळ वाहू देणारा स्पायरल बरा, शिवाय त्यात हलणारा भाग नसल्याने देखभालही कमी लागते.

मात्र गोव्यात खरी डोकेदुखी क्वार्ट्झची नसून चिकणमातीची आहे. ती आधी स्क्रबरमध्ये (खनिज धुण्याच्या यंत्रात) घुसळून सुटी केली नाही आणि हायड्रोसायक्लोनने (गाळ गरगर फिरवून बारीक कण वेगळे करणाऱ्या यंत्राने) बाहेर काढली नाही, तर गाळ घट्ट होऊन स्पायरलवरील पृथक्करणच बिघडते. गोएथाइट हे दुसरे लोहखनिज हेमेटाइटहून हलके असल्याने त्याचा काही भाग टाकाऊ गाळात जातो, हेही गृहीत धरावे. ०.०५ मिलिमीटरहून बारीक गाळासाठी मी जिग आणि स्पायरल ही दोन्ही यंत्रे सुचवणार नाही. तेथे उच्च तीव्रतेचा ओला चुंबकीय विभाजक अधिक उपयोगी पडतो. खरेदीपूर्वी चाळणी-विश्लेषण (कोणत्या आकाराचे कण किती, याची तपासणी) अवश्य करून घ्यावे.