फिलिपिन्सच्या कमी खर्चातल्या जुन्या जादूई सिनेमांमध्ये लोकांना एवढं काय दिसतं?

उडणाऱ्या नटाला टांगलेली तार दिसते, राक्षस रबराचा वाटतो, तरी लोक या सिनेमांवर जीव का टाकतात, असं तुम्ही विचारलंय. सुरुवातीला मीही तारच बघायचो.

दुबईत बेडस्पेसमध्ये, म्हणजे सामायिक खोलीतल्या भाड्याच्या खाटेवर, राहत होतो तेव्हा माझ्या वरच्या बंकवर एक फिलिपिनो होता, कापिस प्रांतातला. एका सुट्टीच्या रात्री त्याने १९८४ चा 'शेक, रॅटल अँड रोल' लावला. तीन दिग्दर्शकांच्या तीन भयकथा, त्यातली एक पेके गालागाची, 'मनानांगाल'. मनानांगाल दिवसा चारचौघींसारखी बाई असते. रात्री कमरेपासून वरचं धड सुटतं, त्याला वटवाघळासारखे पंख फुटतात आणि ती गरोदर बाईचं घर शोधत उडते. पाय मात्र मागे तसेच उभे! त्या उभ्या अर्ध्यावर कुणी मीठ किंवा राख टाकली, तर तिला परत जुळता येत नाही आणि उजाडताच ती मरते.

माझा सोबती पूर्ण वेळ गप्प बसून बघत होता. त्याच्या घरी कुणी गरोदर असलं की आजी खिडकीत मीठ नि लसूण ठेवायची. मी कापिसचा, असं सांगितलं की मनिलाची माणसं अजूनही त्याला यावरून चिडवतात, कारण असल्या भुताखेतांसाठी तो प्रांतच प्रसिद्ध आहे. पडद्यावरच्या पंखांनी त्याला काही पटवून द्यायचं नव्हतंच, ते आजीने कधीच करून ठेवलं होतं. आपल्याकडे हडळीच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको.

या सिनेमांची दुसरी मुळं 'कोमिक्स'मध्ये, म्हणजे तिथल्या चित्रकथांमध्ये आहेत. चित्रकथाकार मार्स रावेलोची नायिका दार्ना १९५० मध्ये चित्रकथेत आली आणि १९५१ मध्ये पडद्यावर. नार्दा नावाची गावातली मुलगी पांढरा खडा गिळते, 'दार्ना!' म्हणून ओरडते आणि उडू लागते. आधी चित्रांत पाहिलेलं हे उड्डाण प्रेक्षक मनानेच पुरं करत.

मला स्वतःला सगळ्यात जवळचा वाटतो तो १९८० चा 'आंग पांदाय'. पांदाय म्हणजे लोहार. नायक राजपुत्र नाही, ऐरणीपुढे घाम गाळणारा फ्लाव्हियो आहे. त्याने घडवलेला खंजीर आकाशाकडे धरला की त्याची तलवार होते. फर्नांडो पो ज्युनियरने ही भूमिका केली आणि दिग्दर्शनही त्याचंच. गरिबांच्या बाजूने उभा राहणारा माणूस म्हणून लोकांनी त्याला इतकं आपलं मानलं, की २००४ मध्ये तो राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत उतरला आणि थोडक्यात हरला. अशा माणसाच्या हातात खंजिराची तलवार झाली, तर ती कशी केली हे कोण तपासत बसेल?

सुरुवात 'मनानांगाल'पासूनच करा. मूळ तागालोग भाषेतला आवाज ठेवा, डब केलेली प्रत नको. आणि घरातली सगळी माणसं दारं-खिडक्या लावून उजाडायची वाट बघतात, तो भाग दिवे घालवून बघा.