मिरजेच्या घरातला एकच रेडिओ

आपल्या आईवडिलांना कोणते संगीत आवडत असे, लहानपणी ते घरात कसे ऐकले जाई आणि त्यातले आज काय आठवते, असा आपला प्रश्न आहे. माझ्या बाबतीत उत्तराची सुरुवात एका भांडणापासून करावी लागते, कारण आमच्या घरात रेडिओ एकच होता आणि तो लावणाऱ्या दोन माणसांच्या आवडींचे एकमेकींशी अजिबात पटत नव्हते.

माझे बालपण मिरजेत गेले. वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणत असू, रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून होते. मिरज जंक्शन त्या काळी ब्रॉडगेज, मीटरगेज आणि नॅरोगेज अशा तिन्ही रुळांचे स्टेशन होते आणि त्याचा त्यांना असलेला अभिमान केवळ दुसऱ्या एका अभिमानापुढे फिका पडत असे. तो अभिमान म्हणजे किराणा घराण्याचे थोर गायक अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेचे होते, हा. खरे तर खाँसाहेबांचा जन्म उत्तरेतल्या कैरान्याचा, पण आयुष्याचा मोठा भाग त्यांनी मिरजेत काढला. त्यांना प्लेग झाला असता त्यांनी ख्वाजा शमना मीरासाहेबांच्या दर्ग्यात गाऊन प्रार्थना केली आणि ते बरे झाले, अशी कथा मिरजेत प्रत्येक घरात सांगितली जाते. आमच्या घरात ती जरा जास्तच वेळा सांगितली जात असे. 1937 साली दक्षिणेत पाँडिचेरीकडे जाताना वाटेत प्रकृती बिघडली म्हणून ते सिंगपेरुमाळ कोईल या छोट्या स्टेशनवर उतरले आणि तिथेच त्यांचा अंत झाला. ‘शेवटचा स्वर त्यांनी रेल्वेच्या फलाटावर लावला,’ हे वाक्य अण्णा अशा स्वरात म्हणत की जणू ती व्यवस्था त्यांच्याच खात्याने केली होती. खाँसाहेबांना दफन मात्र मिरजेतच, त्याच दर्ग्याच्या आवारात केले गेले.

आकाशवाणीवर शास्त्रीय संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम 1952 पासून शनिवारी रात्री साडेनऊला लागत असे. आमच्याकडचा रेडिओ जुना, व्हॉल्व्हचा होता. तो तापून बोलू लागेपर्यंत थोडा वेळ जाई, म्हणून अण्णा पाच मिनिटे आधीच बटण फिरवून समोर बसत. त्यानंतरचा दीड तास घरात भांड्याचा आवाज झालेला चालत नसे. मी अंथरुणात पडून ऐकत असे, म्हणजे ऐकू येत असे. एखादा गवई दहा मिनिटे तीन-चार स्वरांभोवतीच का घुटमळतो आहे, पुढे का जात नाही, हे मला कळत नसे. एकदा मी विचारले, ‘अण्णा, ते काय म्हणतायत?’ त्यावर त्यांनी शांतपणे सांगितले, ‘काही म्हणत नाहीत. गातायत.’ त्या वयात हे उत्तर मला उडवाउडवीचे वाटले होते.

आई मात्र शब्दांची माणूस होती. तिचे माहेर पुण्याचे, नारायण पेठेतल्या एका वाड्यातले. त्या वाड्यात रेडिओ फक्त मालकांच्या घरी होता. 1 एप्रिल 1955 रोजी, रामनवमीच्या दिवशी, पुणे आकाशवाणीवरून गीतरामायण सुरू झाले, तेव्हा ती बारा वर्षांची होती. ग. दि. माडगूळकरांचे शब्द आणि सुधीर फडके यांचे संगीत असलेले एक नवे गीत दर आठवड्याला, असा हा क्रम वर्षभर चालला. त्या वर्षी अधिक महिना आल्यामुळे गीतांची संख्या 56 झाली. नवे गीत शुक्रवारी सकाळी पावणेनऊला लागे आणि तेच शनिवारी व रविवारी पुन्हा ऐकवले जाई. आईच्या वहीची सगळी पद्धत या वेळापत्रकावर बसवलेली होती. शुक्रवारी ती मालकांच्या ओट्यावर बसून पेन्सिलीने हाती लागतील तेवढे शब्द उतरवून घेई आणि सुटलेल्या जागी रेघा ओढून ठेवी. शनिवारी त्या रेघांवर शब्द बसत. रविवारी ताडून पाहून सगळे शाईने पक्के होई. मालकांच्या घरी रेडिओला हार घालून उदबत्ती लावत, हे तिने आम्हाला अनेकदा सांगितले. त्या काळाच्या इतरांच्या आठवणींतही हे वाचायला मिळते, त्यामुळे ते तिच्या भक्तीने रंगवलेले नसावे.

ती वही लग्नानंतर तिच्याबरोबर मिरजेला आली. सासरी मोकळ्या गळ्याने गाण्याची सोय नव्हती, निदान माझी आजी होती तोपर्यंत. आई स्वयंपाकघरात, भाकऱ्या थापताना, अगदी खालच्या पट्टीत म्हणत असे. त्यामुळे गीतरामायणातली कित्येक गाणी मला आधी भाकरीच्या थापांच्या लयीत पाठ झाली आणि त्यांच्या खऱ्या चाली पुढे ऐकल्यावर त्या मला काहीशा संथ वाटल्या. एका ओळीतला शब्द तिने तिन्ही दिवस चुकीचाच ऐकला होता. तो तसाच शिकून मी शाळेच्या स्पर्धेत म्हटला आणि परीक्षकांनी चूक दाखवली, तेव्हा मी त्यांनाच ठामपणे सांगितले की आमच्या घरी वही आहे.

आईचा रेडिओ हा ‘आपली आवड’ या फर्माइशी गाण्यांच्या कार्यक्रमाचा आणि भावगीतांचा होता. गजाननराव वाटवे, मालती पांडे, नंतर अरुण दाते. पण सगळ्यांच्या वर माणिक वर्मा. माणिकबाईंचे गाणे लागले की ती हातातले काम थांबवत असे, आणि आमच्या घरात काम थांबणे ही फार दुर्मिळ गोष्ट होती. अण्णांना भावगीत म्हणजे वृत्तपत्र वाचता वाचता ऐकायची गोष्ट वाटे. ‘तीन मिनिटांत काय होतं? तंबोरासुद्धा नीट लागत नाही,’ असे ते म्हणत. आई त्यावर, ‘तुमच्या खाँसाहेबांनी तबकड्या काय दीड तासाच्या काढल्यात?’ असे विचारी. हा बिनतोड मुद्दा होता, कारण ‘पिया बिन नाही आवत चैन’ ही अण्णांची जीव की प्राण असलेली ठुमरी तबकडीवर तीन मिनिटांच्या आसपासच संपते.

तंबोरा लागणे म्हणजे काय, हे मात्र मला रेडिओने शिकवले नाही, गावाने शिकवले. मिरजेत तंतुवाद्ये करणाऱ्यांची घरे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. मूळचे शिकलगार, म्हणजे तलवारी आणि हत्यारांना धार लावणारे. हत्यारांची मागणी ओसरली तेव्हा, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर, फरीदसाहेबांसारख्या कारागिरांनी सतारी-तंबोऱ्यांकडे हात वळवला, आणि आज ते कुटुंब सतारमेकर याच आडनावाने ओळखले जाते. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे मोठाले कडू भोपळे वाळवून, पोखरून दुकानांच्या दारात टांगलेले असत. आम्ही मुले जाता येता त्यांवर टिचकी मारत असू आणि शिव्या खात असू. अण्णा कामावरून परतताना एका दुकानाच्या पायरीवर हमखास बसत. जवारी काढणारा, म्हणजे तारेचा नाद खुलवणारा कारागीर घोडीवर, तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीवर, कानस फिरवून तार छेडी, मान हलवी, पुन्हा फिरवी. मग तारेखाली सुताचा दोरा सरकवताना एका ठरावीक जागी तो मघाचा कोरडा टणत्कार अचानक उघडे आणि खोलीभर पसरे. त्या क्षणी अण्णा माझ्याकडे पाहत. बोलत काहीच नसत. ‘काही म्हणत नाहीत, गातायत’ या उत्तराचा अर्थ मला कळला असेल तर तो त्या पायरीवर कळला, आणि तोही अर्धाच.

उरुसात दर्ग्याच्या आवारात रात्र रात्र गाणे चाले आणि अजूनही चालते. तिथे कलावंत बिदागीसाठी येत नाहीत, खाँसाहेबांच्या चरणी हजेरी लावायला येतात, हा शब्द मिरजेत सगळे वापरतात. अण्णा मला घेऊन जात. सतरंजीवर त्यांच्या मांडीला डोके टेकून मी पहिल्या अर्ध्या तासातच झोपी जाई. पहाटे कोणी तरी वेगळेच गात असे, मागचा तंबोरा मात्र रात्रीचाच वाटे. किती थोर गायन मी असे झोपेत घालवले याचा हिशेब न केलेला बरा.

आता त्या भांडणाचा शेवट सांगतो, कारण खरी आठवण तीच आहे. मी आठवीत असेन. अण्णांनी कुठल्या तरी मासिकात माणिक वर्मांवरचा लेख वाचला आणि त्या दिवशी ते ऑफिसातून नेहमीपेक्षा लवकर घरी आले. माणिकबाई या सुरेशबाबू माने आणि हिराबाई बडोदेकर यांच्या शिष्या. ही दोघे भाऊ-बहीण, आणि त्यांचे वडील अब्दुल करीम खाँ. हिराबाईंचा तर जन्मच मिरजेचा. म्हणजे गेली पंधरा वर्षे आई ज्या गळ्यासाठी काम थांबवत होती, तो गळा अण्णांच्याच किराणा घराण्यात तयार झालेला होता. अण्णांनी चप्पलही न काढता दारातूनच जाहीर केले, ‘अगं, तुझी माणिक आमच्याच घरातली निघाली!’

आईने तवा उतरवला. ती लेख वाचत नसे, पण अण्णांच्या तोंडून खाँसाहेबांच्या घरची कथा तिने इतक्यांदा ऐकली होती की तिला ती त्यांच्याहून बारकाईने पाठ होती. ताराबाई माने मुलांना घेऊन खाँसाहेबांचे घर सोडून बाहेर पडल्या आणि मुलांनी पुढे आईकडचे आडनाव लावले, हा भाग अण्णा नेहमी घाईने सांगत. ती म्हणाली, ‘तुमच्या घरातली कशी? घर सोडून गेलेल्यांनी शिकवलंय तिला. आईच्या बाजूची आहे ती.’

अण्णा त्यावर काही बोलले नाहीत. मात्र त्यानंतर माणिकबाईंचे गाणे लागले की ते वृत्तपत्राची घडी करून बाजूला ठेवत. आईही शनिवारी रात्री कधी कधी ओटा आवरून बाहेर येऊन बसू लागली. शास्त्रीय गाणे तिला आवडू लागले असे मी म्हणणार नाही. पण विलंबित ख्याल संपून द्रुत बंदिश सुरू झाली आणि शब्द जरा मोकळे झाले, की ती ते ओठांत म्हणून पाही.

1983 साली अण्णांनी बोनसच्या पैशांतून टेपरेकॉर्डर घेतला आणि तिच्यासाठी पहिली खरेदी म्हणून गीतरामायणाच्या कॅसेट आणल्या. आईने दोन बाजू ऐकल्या आणि ती गप्प झाली. त्या ध्वनिमुद्रणात सगळी गीते सुधीर फडके यांनी स्वतः गायलेली आहेत. 1955 मध्ये आकाशवाणीवर मात्र वेगवेगळ्या पात्रांना वेगवेगळे गळे होते, आणि स्त्रियांच्या वाट्याची गीते माणिक वर्मा, ललिता फडके यांच्यासारख्या गायिकांनी गायली होती. बाबूजींबद्दल, म्हणजे फडक्यांबद्दल, तिला अपार आदर होता. ‘पण सीतेचं गाणं बाईनंच म्हणायला हवं,’ एवढेच ती म्हणाली. मला त्या वेळी हा हट्ट वाटला. नंतर ती गीते बाबूजींच्या आवाजात शेकडो वेळा ऐकूनही, आणि ती अप्रतिम आहेत हे मान्य करूनही, स्वयंपाकघरातला तो खालच्या पट्टीतला आवाज मला मध्येच कुठून तरी ऐकू येतो आणि माझे मत तिच्या बाजूने झुकते.

अण्णा आता नाहीत. आई ऐंशीच्या पुढे आहे आणि ती वही तिच्या कपाटात आहे. मागच्या दिवाळीत मी ती पहिल्यांदाच सलग पाहिली. मधली तीन पाने कोरी आहेत. वर फक्त गीतांचे क्रमांक घातलेले आहेत. त्या तीन आठवड्यांत ती आजोळी गेली होती आणि तिथे रेडिओ नव्हता. गीतरामायणाचे छापील पुस्तक गेली चाळीस वर्षे त्याच कपाटात, त्या वहीच्या शेजारी आहे, म्हणून मी विचारले की ही पाने त्यातून भरून का काढली नाहीस. तिने वही माझ्या हातातून घेतली, बंद केली आणि म्हणाली, ‘ती मी तेव्हा ऐकली नव्हती.’