वाचकांचे प्रश्न : वाहता लाव्हा हातोडीने कसा उचलतात?

प्रश्न : हवाईच्या किलाउएआ ज्वालामुखीवर भूशास्त्रज्ञ हातोडीने लाव्हा काढून बादलीतल्या पाण्यात टाकताना दिसतात. हातोडी वितळत नाही का? पाणी कशासाठी? आणि आमच्या पारसिकच्या डोंगरातला दगडही लाव्हाचाच, मग त्यावर हीच तपासणी करता येईल का? – एक वाचक, ऐरोली

उत्तर : हातोडी वितळत नाही. किलाउएआचा लाव्हा साधारण 1150 अंश सेल्सिअसला वाहतो, तर पोलाद वितळायला 1400 अंशांच्या वर जावे लागते. शिवाय हातोडी आत राहते ती काही सेकंदच.

पाणी मात्र या कामाचा प्राण आहे. लाव्हा सावकाश निवला की त्यात स्फटिक वाढू लागतात आणि उरलेल्या द्रवाची रासायनिक घडण बदलत जाते. पाण्यात टाकल्याबरोबर ही वाढ थांबते, द्रव गोठून काच होते आणि त्या क्षणाची घडण काचेत टिकते. तिच्यावरूनच पुढे लाव्हाचे तपमान काढतात.

नमुना घ्यायला मोठा प्रवाह निवडत नाहीत. पाहोएहोए, म्हणजे गुळगुळीत सायीच्या लाव्हाचे नुकते फुटलेले लहानसे बोट पाहतात. पृष्ठभागावर काही सेकंदांत राखाडी साय धरते, तेव्हा ती फोडून हातोडीचे टोक आतल्या केशरी भागात घालायचे, मनगट फिरवायचे आणि मुठीएवढा गोळा उचलायचा. गुळाच्या पाकासारखी तार निघते, ती तुटेपर्यंत ओढावी लागते. गोळा लगेच धातूच्या बादलीत. प्लास्टिकची चालत नाही. ढोबळ हिशेबाने अर्धा किलो लाव्हा 5 लिटर पाणी सुमारे 30 अंशांनी तापवतो, म्हणून दुसऱ्या नमुन्याआधी ताजे पाणी घ्यावे.

बहुतेक चुका गोळ्याच्या आकाराच्या असतात. मोठा उचलला तर बाहेरून काच होते, पण गाभा लाल राहतो आणि तिथे स्फटिक वाढतच राहतात. असा नमुना दिसायला उत्तम, तपमानासाठी निकामी. जुनी साय सोबत आली तरी तेच. हातोडीला चिकटलेला पापुद्रा रासायनिक तपासणीतून वगळावा, त्यात पोलादाचे अंश येतात. बादलीत तडकणाऱ्या काचेचे बारीक तुकडे आणि वाफ उडते, त्यामुळे चेहऱ्यावर ढाल हवीच. कपडे सुती किंवा लोकरी. कृत्रिम धागा वितळून कातडीला चिकटतो. वारा पाठीवर घ्यायचा, कारण सल्फर डायऑक्साइड समोरून आला तर श्वास घेववत नाही. लाव्हाच्या दोन बोटांच्या मधे उभे राहायचे नाही, परतीची वाट आधी ठरवायची.

लाव्हा बंद नळीतून वाहत असेल तर छतातल्या भोकातून पोलादी तारेला जड पोलादी वजन बांधून खाली सोडतात. वजनाला चिकटून आलेला लाव्हा वर ओढून तसाच पाण्यात बुडवतात. इथे खरा धोका उष्णतेपेक्षा भोकाच्या कडेचा, कारण खालून पोखरलेले छत किती पातळ आहे हे वरून कळत नाही. नळीतून जाताना लाव्हा किलोमीटरमागे जेमतेम एक अंश निवतो, त्यामुळे मुखापासून दूर घेतलेला नमुनाही उपयोगी पडतो. वेळ आणि जागा नोंदवली नसेल तर मात्र त्याला किंमत नाही.

प्रयोगशाळेत काचेतील मॅग्नेशियम ऑक्साइड मोजतात. त्यावरून तपमान काढण्याचे, हेल्झ आणि थॉर्नबर या भूशास्त्रज्ञांनी 1987 मध्ये दिलेले सूत्र असे : टक्केवारीला 20.1 ने गुणा, 1014 मिळवा. 7 टक्के आले तर तपमान सुमारे 1155 अंश, दहा अंशांच्या आसपास मागेपुढे.

आता पारसिक. हे सूत्र किलाउएआच्या काचेवर बेतलेले आहे, ते इथल्या दगडाला जसेच्या तसे लावू नये. आपला काळा पाषाण सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या दख्खनच्या लाव्हाचा. जाड थर सावकाश निवले, त्यामुळे बहुतांश दगड स्फटिकमय आहे. थोडी काच होती तीही पाण्याने आणि काळाने बदलून गेली. वायूच्या बुडबुड्यांच्या पोकळ्यांत नंतर झिओलाइट आणि कॅल्साइट ही खनिजे भरली, तेच दगडातले पांढरे ठिपके. रस्त्यासाठी कापलेल्या कड्यात ते सहज दिसतात, फक्त सुट्या दगडांपासून लांब राहून पाहा. रासायनिक तपासणी करायचीच असेल तर ठिपके नसलेला, न झिजलेला घट्ट तुकडा निवडावा आणि तो अख्खा दळून पाहावा.