वाचक विचारतात : बदलापूर-अंबरनाथला भाड्याने राहताना

प्रश्न : बदलापूर पश्चिमेला वन बीएचके घेतोय. भाडं ९,५००, डिपॉझिट ६०,०००, मुदत दोन वर्षं. मालक म्हणतात, नोटरी पुरे, नोंदणीचा खर्च कशाला? चालेल का?

नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृतच लागतो, अकरा महिन्यांचा असला तरी. ती जबाबदारी मालकाची. नोंदणी नसेल आणि वाद झाला, तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं. ते खोटं आहे हे मालकाला सिद्ध करावं लागतं. एवढं सांगून बघा, बहुतेक मालकांचा सूर बदलतो.

खर्च तरी किती? २४ महिन्यांचं भाडं २,२८,०००. डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के व्याज धरतात, दोन वर्षांचे १२,०००. बेरीज २,४०,०००, तिच्या ०.२५ टक्के म्हणजे ६०० रुपये मुद्रांक शुल्क. नगरपालिका हद्दीत नोंदणी फी १,०००. एजंट याच्या वर काय लावतो ते तोडून विचारा. आधार आणि अंगठ्यावर ऑनलाइन नोंदणी होते, कचेरीत जावं लागत नाही.

भांडणं होतात ती डिपॉझिटवरून, आणि त्यातही रंगावरून. 'घर होतं तसं परत द्यावे' या वाक्यावर समाधान मानू नका. रंगाचा खर्च कोणाचा, डिपॉझिट चावी देतानाच परत की नंतर, हे करारातच लिहून घ्या. ताबा घेताना भिंती, नळ, खिडक्यांचा व्हिडिओ काढा आणि महावितरणच्या मीटरचा आकडा दिसेल असा फोटो मालकांना त्याच दिवशी पाठवा. मागची थकबाकी निघाली, तर हाच फोटो कामी येतो. आणि मुदत संपल्यावर रेंगाळू नका: त्याच भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २४ खाली दुप्पट भाडं मागता येतं.

प्रश्न : घर बघताना पाण्याचं कसं तपासायचं? मालक 'चोवीस तास पाणी' म्हणतात.

चोवीस तास पाणी असतं ते गच्चीवरच्या टाकीत. जीवन प्राधिकरणाचं, म्हणजे सरकारी नळाचं पाणी खालच्या टाकीत किती वेळ येतं, हे वॉचमनला विचारा, मालकाला नाही. उन्हाळ्यात टँकर लागतो का आणि त्याची वर्गणी भाडेकरूकडून घेतात का, हेही. नळाच्या तोंडाशी पांढरा खरखरीत थर दिसला तर बोअरचं पाणी मिसळतात असं समजा.

वरचा मजला घेत असाल तर बाथरूमचा नळ पूर्ण सोडून बघा. दहा मीटर उंचीवरून पाणी आलं तर साधारण एक बार दाब मिळतो. टाकी डोक्यावर जेमतेम तीन मीटर असली, तर ०.३ बार. तेवढ्यावर गॅस गीझर बहुधा पेटत नाही, आणि लोक उगाच गीझर बदलत बसतात. तिथे साठवणीचा गीझर बरा.

पश्चिमेला उल्हास नदी आहे. २६ जुलै २००५ आणि २७ जुलै २०१९ ला पाणी कुठपर्यंत आलं होतं, हे शेजाऱ्यांना नक्की ठाऊक असतं. हेंद्रेपाडा, रमेशवाडीकडे तळमजला बघत असाल तर आधी मीटरचा बोर्ड आणि पाण्याचा पंप किती उंचावर आहेत ते पाहा. ज्यांनी एकदा भोगलंय, त्यांनी ते उचलून बसवलेले असतात.

प्रश्न : सोसायटी भाडेकरू असल्याबद्दल महिना ८०० रुपये जादा मागते.

नॉन-ऑक्युपन्सी चार्ज, म्हणजे मालक स्वतः राहत नसल्याबद्दल सोसायटी घेते तो आकार, सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून जास्त घेता येत नाही, आणि तो मालकाला लागतो. तुमच्याकडून मागत असतील तर लेखी बिल मागा.

प्रश्न : अंबरनाथहून सकाळी लोकलमध्ये चढताच येत नाही. बदलापूरपर्यंत उलटं जाऊन सीट धरली तर?

पुष्कळजण करतात. पास मात्र बदलापूरपासूनचा काढा. अंबरनाथच्या पासावर सापडलात तर तिकिटाच्या भाड्यासोबत किमान २५० रुपये दंड आहे.