इनोव्हा हायक्रॉस हायब्रिड घेतली तर पेट्रोलचा खर्च खरंच कमी होतो का?

होतो, पण गाडी चालवता कुठे त्यावर आहे सगळं. हायब्रिड म्हणजे पेट्रोल इंजिनासोबत बॅटरीवरची मोटरही असलेली गाडी. कंपनीचा मायलेजचा आकडा हायब्रिडला लिटरला २३.२४ किमी आणि साध्या पेट्रोलला १६.१३ किमी, तेवढं रोजच्या वापरात मिळत नाही ते सोडा, पण हेच आकडे धरले तरी महिन्याला १००० किमीमागे १९ लिटर वाचतं म्हणजे साधारण दोन हजार रुपये, आणि किमतीतला फरक लाखांत आहे हो! हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये मात्र वसूल, सिग्नलला इंजिन बंद तरी एसी चालू, ब्रेक दाबला की बॅटरी चार्ज. एक्सप्रेसवेला शंभरने पळवली की फायदा बराच घटतो. बॅटरीचं टेन्शन नको, ८ वर्षं किंवा १,६०,००० किमी वॉरंटी आहे. हजारभरच रनिंग असेल तर मी तरी साधी पेट्रोलच घेईन.