रात्री नऊ वाजून एक मिनिटाला पडलेलं करहाटक

प्रश्न थोडक्यात असा आहे: चौघं मित्र, एक साताऱ्यात, एक कऱ्हाडला, दोघं पुण्यात नोकरीला. प्राचीन काळातला, टर्न घेत खेळायचा ऑनलाइन गेम हवाय. नियम आपले आपल्याला बदलता आले पाहिजेत, सातवाहन घालता आले तर सोन्याहून पिवळं. कुठला घ्यावा?

आत्तापर्यंत आलेल्या उत्तरांत सगळ्यांनी ग्राफिक्स बघून नावं सुचवलीत. ग्राफिक्सचं नंतर बघू. नोकरदार माणसांचा डाव मोडतो तो घड्याळापायी. म्हणून आधी एवढंच विचारा: या गेममध्ये टर्न एकामागून एक चालतो, की सगळ्यांचा एकदम?

सांगलीकराला हे पटवायला लागत नाही. बुद्धिबळाचं वेड आमच्याकडे जुनं, नूतन बुद्धिबळ मंडळ १९४१ चं. पोस्टकार्डावर डाव खेळणारे आजोबा मी लहानपणी बघितलेत. एक खेळी लिहायची, पेटीत टाकायची आणि पोस्टमनची वाट बघत बसायचं. दोघांत ते खपतं. चौघांत तीच रीत लावली की एकाच्या घरी लग्न, दुसऱ्याची नाइट शिफ्ट, आणि तुमचा टर्न येतो गुरुवारी.

अनसिव्ह नेमका असा आहे. फुकट, मोबाइलवर चालतो, सिव्हिलायझेशन पाच या राज्य उभारायच्या गेमच्या धर्तीवर बांधलेला. तुमचा टर्न झाला की डावाची फाइल सर्व्हरवर जाते, मग पुढच्याने उघडायची. मॉड, म्हणजे आपले बदल घातलेली आवृत्ती, करायला सोपा, सगळे नियम जेसन नावाच्या साध्या मजकुराच्या फाइलींत लिहिलेले. पण मॉड प्रत्येकाच्या फोनवर असावा लागतो, आणि तोही एकच. आमच्यातल्या एकाने मॉड अपडेट केला, बाकीच्यांनी नाही, आणि त्यात एक रविवार गेला. दोघंच खेळणार असाल तर डोळे झाकून हाच घ्या.

चौघांसाठी माझं मत फ्रीसिव्हला. १९९६ साली डेन्मार्कमधल्या आरहूस विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी पहिली आवृत्ती काढली, अजून जिवंत आहे, आणि दिसायलाही बराचसा १९९६ सारखाच आहे, हे आधीच सांगून ठेवतो. इथे टर्न चालू असेपर्यंत सगळे एकदम खेळू शकतात. तुम्ही सकाळी चहाबरोबर खेळा, पुणेकर रात्री खेळतील. नियम सर्व्हरवर असतात आणि तिथूनच सगळ्यांकडे पोचतात, त्यामुळे रूलसेटची, म्हणजे नियमसंचाची, फाइल प्रत्येकाला वाटत बसायला नको. फक्त आवृत्ती सगळ्यांची एक ठेवा.

आता या एकदम खेळण्याची गोम सांगतो, कारण ती मला महागात पडलेली आहे. आमचा टर्न रात्री नऊला बदलायचा. करहाटक (कऱ्हाडचं जुनं नाव) हे शहर माझं, आत दोन फॅलँक्स, म्हणजे बचावाचं पायदळ. आठ अठ्ठावन्नला शेजाऱ्याने रानातून तीन कॅटापल्ट (दगडफेकी यंत्रं) काढून शहराला चिकटवले. नऊला टर्न बदलला, नऊ वाजून एक मिनिटाने त्याच कॅटापल्टनी हल्ला, मागून घोडेस्वार आत. त्या तीन मिनिटांत मी आमटी-भात जेवत होतो. हात धुऊन फोन बघितला तर शहर गेलेलं. नियमाने त्याचं काही चुकलं नव्हतं. दोन वेगळ्या टर्नच्या दोन चाली त्याने पाठोपाठ खेळल्या, एवढंच.

याला उतारा म्हणजे युनिटवेटटाइम ही सेटिंग. एका टर्नमध्ये हललेलं युनिट (फौजेची तुकडी, जहाज वगैरे) पुढच्या टर्नमध्ये ठरलेले सेकंद गेल्याशिवाय हलतच नाही. आम्ही ३६००० ठेवतो, म्हणजे दहा तास. त्या दहा तासांत ज्याच्यावर चाल आलीय त्याला निदान एकदा तरी फोन उघडायला मिळतो. डाव सुरू करायच्या आधीच ही लावा. शहर गेल्यावर मागायला गेलात तर ज्याने घेतलंय तो कशाला हो म्हणेल?

टर्नची लांबी टाइमआउटमध्ये, तीही सेकंदांत. रोज एक टर्न खेळणारी बरीच मंडळी २३ तास ठेवतात, म्हणजे ८२८००. बदलाची वेळ रोज तासभर अलीकडे सरकते, कायमचा फायदा कुणालाच नाही. कागदावर झकास. आमच्याकडे बदल सरकत सरकत पहाटे चारला आला आणि एकजण गजर लावून उठायला लागला. त्याच्या बायकोचा मला फोन आला. तेव्हापासून ८६४००, चोवीस तास, रात्री नऊ.

नियम बदलताना बहुतेक जण भर घालायला सुटतात. तुम्ही आधी कापा. क्लासिक रूलसेटचं अख्खं फोल्डर कॉपी करून नवीन नाव द्या, मूळ फोल्डरला हात लावू नका. तंत्रज्ञानाच्या फाइलमध्ये प्रत्येक शोधाच्या आधीचे दोन शोध लिहिलेले असतात. बंदुकीच्या दारूला त्या दोन्ही जागी ‘नेव्हर’ लिहिलं की ती कधीच लागत नाही, पण तिच्यावर उभ्या असलेल्या पुढच्या शोधांनाही तसंच लिहावं लागतं. तसंच सरंजामशाहीचं आणि प्राचीन काळानंतरच्या बाकीच्या शोधांचं केलं की डाव प्राचीन काळातच राहतो. शोध भराभर लागू नयेत म्हणून सायन्सबॉक्स या सेटिंगची, म्हणजे शोधांच्या खर्चाची, टक्केवारी वाढवा.

पण कापलेल्या जागी पोकळी राहते हे लक्षात असू द्या. सरंजामशाही गेली की तिच्याबरोबर भालाईत जातात, आणि घोडे-हत्ती आवरायला तेच होते. आमच्या पहिल्या डावात हत्ती नुसते माजले. हल्ला ४, किंमत ४०, समोर अडवणारं कुणी नाही. दुसऱ्या डावात किंमत ६० केली तेव्हा कुठे ताळ्यावर आले.

आकडे बदलण्याआधी लढाईचं गणित एकदा हाताने मांडून बघा. लीजनचा (हल्ल्याच्या पायदळाचा) हल्ला ४, फॅलँक्सचा बचाव २. सपाट जमिनीवरच्या शहरात तो ठाण मांडून बसला की दीडपट, म्हणजे ३. लढाई फेरीफेरीने होते आणि प्रत्येक फेरीत लीजनला सातात चार संधी. शहराला तट घातला की ३ चे ६ झाले, संधी दहात चार. एका लढाईत फेऱ्या बऱ्याच होतात, त्यामुळे हा वरवर किरकोळ दिसणारा फरक शेवटी मोठा होतो. माझ्या करहाटकाला तट नव्हता. असो.

सातवाहनांसाठी वेगळी राष्ट्राची फाइल लिहायची. तिच्यात राजांची नावं, झेंडा, शहरांची यादी आणि चार ओळींचा इतिहास. मजा शहरांच्या यादीत आहे. नावापुढे कंसात नदी, समुद्र, डोंगर असं देता येतं, मग गेम शक्यतो तशाच जागी ते नाव सुचवतो. प्रतिष्ठान नदीकाठी, सोपारा समुद्राला, जुन्नर डोंगरात, करहाटक नदीवर. कृष्णा-कोयनेचा संगम काही दाखवता आला नाही, तिथे आमच्या डावातला कऱ्हाडचा भिडू हळहळला. इतिहासाच्या ओळींत नाशिकच्या लेण्यातली गौतमी बलश्रीच्या लेखातली बिरुदं घातली. तिच्या मुलाला, सातवाहन राजा गौतमीपुत्राला, तिथे ‘तिसमुदतोयपीतवाहन’ म्हटलंय, ज्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचं पाणी प्यायलं तो. आमच्या डावात त्याची जहाजं मात्र किनारा सोडत नाहीत, कारण ट्रायरीम (वल्ह्यांचं जहाज) खोल समुद्रात जातच नाही. सातवाहनांच्या नाण्यांवर दोन डोलकाठ्यांचं जहाज आहे, तेव्हा जमलं तर त्यांना एक बरं जहाज द्या.

डाव चालू असताना रूलसेटमध्ये फेरफार करायला जाऊ नका. बदल वहीत लिहून ठेवा आणि पुढच्या डावाला घाला.

सर्व्हर घरच्या जुन्या कॉम्प्युटरवर ठेवायचा मोह होईल. मीही तेच केलं होतं. ऑगस्ट २०१९ च्या पुरात सांगलीच्या आयर्विन पुलाची धोका पातळी ४५ फूट असताना पाणी ५७ च्या वर गेलं, आमच्याकडे वीज नाही, आणि आमचा पुण्यातला भिडू विचारतोय टर्न का बदलत नाही. आपोआप सेव्ह होणारी फाइल होती म्हणून पंधरा दिवसांनी डाव परत उभा राहिला. भाड्याचा लहानसा सर्व्हर घ्या, चौघांत वाटून चहाच्या पैशात बसतो. कुणी गावाला किंवा गणपतीत अडकणार असेल तर डेलिगेट ही आज्ञा आहे, तिने आपलं राज्य दुसऱ्या भिडूच्या हाती देता येतं. ज्याच्याशी सीमेवर भांडण चालू आहे त्याला देऊ नका.

पैसे मोजायची तयारी असेल तर दोन नावं. ओल्ड वर्ल्ड सगळाच प्राचीन काळात आहे आणि त्यात प्रत्येक टर्नला हुकूम मोजके मिळतात, सगळी युनिटं हलवता येत नाहीत, हे मला फार आवडतं. राज्यबिज्य नको, नुसती लढाई हवी तर फील्ड ऑफ ग्लोरी दोन. मूळ गेम इ. स. पू. २८० ते २५ या काळातला, आणि दोघांत टर्न पाठवत निवांत खेळता येतो.

आमची राष्ट्राची फाइल हवी असेल तर सांगा, पाठवतो. एक गोष्ट आधीच कबूल करतो. आमच्या सातारकर भिडूने यादीत साताऱ्याचं नाव घालायचा हट्ट धरला. म्हटलं, बाबा, अजिंक्यताराच मुळी शिलाहार भोजाचा, सातवाहनांनंतर हजारेक वर्षांनी. तर म्हणाला, या गेमात रोममध्ये पिरॅमिड बांधलेलं चालतं आणि सातारा चालत नाही होय? यावर मला उत्तर सुचलं नाही. यादीत बाराव्या नंबरला आहे, कंसात डोंगर.