तांदळात कोणती मूलद्रव्ये आहेत, हे अणुभट्टीत कसे कळते?

चिमूटभर तांदळाच्या पिठातील मँगनीज किंवा आर्सेनिक संशोधन अणुभट्टीच्या साहाय्याने मोजता येते, आणि त्यासाठी पीठ आम्लात विरघळवावेही लागत नाही, हा या पद्धतीचा मला सर्वांत मोलाचा वाटणारा गुण. पिठाची मोहोरबंद पुडी न्यूट्रॉनांच्या माऱ्यात ठेवली की काही अणुकेंद्रके न्यूट्रॉन शोषून किरणोत्सारी होतात आणि क्षय पावताना ठरावीक ऊर्जेचे गॅमा किरण सोडतात. द्रव नायट्रोजनने थंड केलेला जर्मेनियमचा शोधक (डिटेक्टर) ते टिपतो, आणि त्यांच्या ऊर्जेवरून मूलद्रव्य ओळखता येते. मँगनीजपासून बनलेल्या किरणोत्सारी मँगनीज-५६चा अर्धायुकाल (निम्मे अणू क्षय पावायला लागणारा वेळ) सुमारे २.६ तासांचा असल्याने ते त्याच दिवशी मोजावे लागते. आर्सेनिकपासून बनलेल्या आर्सेनिक-७६साठी मात्र, पिठातल्या सोडियमपासून बनलेले आणि मोजणीत अडथळा आणणारे सोडियम-२४ ओसरेपर्यंत थांबलेले बरे. शिशासाठी ही पद्धत निवडू नये, कारण ते जवळजवळ दिसतच नाही.